फरशीवरचा आलेख

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त अनसिंग येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित शब्दांत केला आहे. त्यात भर घालण्याचा अधिकार माझा नाही. मी गणिताचा एक सेवानिवृत्त शिक्षक. संयोजकांनी मला 'कृतीतून गणित' असा भव्य विषय दिला. तो सबंध पेलण्याची माझी ताकद नाही, म्हणून त्यातला एकच लहानसा तुकडा उचलतो. सहावी ते आठवीच्या मुलांना आलेख कसा शिकवावा, आणि तो मी कितीतरी वर्षे कसा चुकीचा शिकवला, एवढेच आज सांगणार आहे.

चुकीपासूनच आरंभ करतो. ही गोष्ट १९८०च्या दशकाच्या अखेरची. वाशीम जिल्हा तेव्हा व्हायचा होता. तो झाला १ जुलै १९९८ रोजी. आपण त्या वेळी अकोला जिल्ह्यात होतो. ज्या शाळेत मी होतो तिचे नाव घेत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. आठवीच्या वर्गाला मी घरचा अभ्यास दिला की, घरातली कोणतीही बदलणारी गोष्ट मोजा आणि तिचा आलेख काढून आणा. असा अभ्यास देणे हे मला त्या काळी मोठे पुढारलेपणाचे वाटले होते. बहुतेक मुलांनी पुस्तकातलीच माहिती नावे बदलून आणली. एका मुलीने मात्र प्रयोगशाळेतली तापमापी मागून नेली. तिच्या घरी आजी पाणी उकळूनच घेत असत. आजींनी आपल्या भांड्यात तापमापी बुडवू दिली नाही; एका वेगळ्या गंजात उकळते पाणी काढून दिले. ती मुलगी घड्याळ समोर ठेवून तासभर तिथे बसली आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत गेली.

तिने आणलेला आलेख मला आजही डोळ्यांसमोर दिसतो. बिंदू सुरुवातीला झपाट्याने खाली उतरत होते, मग उतार मंदावत होता आणि शेवटी रेघ जवळजवळ आडवी झाली होती. बिंदू तिने हाताने, वळणाने जोडले होते. मी ते पाहिले आणि लाल शाईने लिहिले, 'आलेख मोजपट्टीने काढावा.' दुसऱ्या दिवशी तिने पहिला बिंदू आणि शेवटचा बिंदू घेऊन मधून एक सरळ, सुबक रेषा मारून आणली. मधले बिंदू तिने खोडून त्या रेषेवर बसवले होते. मी तिला दहापैकी दहा गुण दिले.

म्हणजे काय केले मी? तिने तासभर बसून मोजलेल्या खऱ्या आलेखाला शून्य दिले आणि खोट्या आलेखाला पैकीच्या पैकी. उकळते पाणी सरळ रेषेत निवत नाही. वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा जितकी अधिक गरम, तितकी ती वेगाने निवते. अंतर कमी होत जाते तसा निवण्याचा वेगही कमी होतो. न्यूटनने हे १७०१ मध्येच मांडले होते. मला ते ठाऊक नव्हते असेही नाही, पदवीच्या वर्गात शिकलो होतो. परंतु आलेख ही माझ्या लेखी मोजण्याची गोष्ट नव्हतीच. ती नीटनेटकेपणाची गोष्ट होती. हे उमगायला मला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

आपल्याकडे आलेख शिकवण्याची रूढ पद्धत आठवून पाहा. फळ्यावर दोन रेघा काढायच्या. आडवी ती क्ष-अक्ष, उभी ती य-अक्ष. कोपऱ्यात प्रमाण लिहायचे, बिंदू द्यायचे, जोडायचे आणि शीर्षक विसरायचे नाही, कारण त्याला अर्धा गुण असतो. विद्यार्थी हे सर्व बिनचूक करतो आणि 'यातून तुला काय दिसले?' असे विचारले की कोऱ्या नजरेने पाहतो. त्यात त्याचा दोष नाही. माहिती त्याची नसते. कोण्या काल्पनिक शाळेतल्या काल्पनिक मुलांच्या आवडत्या फळांची असते. २०१६ ते २०१८ या काळात बदललेल्या बालभारतीच्या पुस्तकांत सहावीला स्तंभालेख, सातवीला जोडस्तंभालेख, आठवीला विभाजित आणि शतमान स्तंभालेख, नववीला निर्देशक भूमिती असा क्रम लावलेला दिसतो. क्रम उत्तम आहे. परंतु पुस्तक फक्त पायऱ्या बांधून देऊ शकते, पाय मुलांनीच उचलावे लागतात.

हाताने करावे आणि त्यातून शिकावे, हा विचार कोठून आयात केलेला नाही. आपल्या विदर्भातच, वर्ध्याला, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमचा पाया घातला गेला. सूत कातणाऱ्या मुलाने आपल्या सुताचा हिशेब स्वतः ठेवायचा आणि त्या हिशेबातून गणित शिकायचे, ही त्यामागची दृष्टी होती. सेवाग्रामला २००५ पासून आनंद निकेतन या शाळेच्या रूपाने तो प्रयोग नव्याने उभा राहिला. अलीकडचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटचे. तेथे विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी जिल्हा परिषदेच्या साध्या शाळांत फरशीवरच गणित आखले. मूल त्यावर बसते, सरकते, वस्तू मांडते. २०१५ मध्ये शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू केला त्या सुमारास राज्यभरातून शिक्षक कुमठे पाहायला गेले. हे सांगण्याचे कारण इतकेच की, आपल्या या सभागृहात दिवाळीच्या सुट्टीत जो छोटासा वर्ग भरतो, त्यात माझे स्वतःचे असे फार थोडे आहे.

त्या वर्गाची रचना साधी आहे. सभागृहात सहा ठिकाणी सहा निरनिराळी कामे मांडलेली असतात. मुलांचे सहा गट. प्रत्येक गट एका ठिकाणी बारा मिनिटे काम करतो, मग पुढच्या ठिकाणी जातो. या ठिकाणांना मी पहिल्या दिवशी 'कृतिकेंद्र' असे भारदस्त नाव दिले होते. मुलांनी ते तासाभरात मोडीत काढले. वाशीम-पुसद गाडी थांबे घेत जाते तसे आपण चाललो आहोत, असे एकाने म्हटले आणि तेव्हापासून ते 'थांबे' झाले. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला, ही एस.टी.च्या वाहकाची भाषा. शाळांमध्ये हे करायचे झाल्यास पस्तीस मिनिटांची तासिका अपुरी पडते, याची मला जाणीव आहे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत दोन तासिका जोडून घेता आल्या तर जमते.

पहिला थांबा म्हणजे तुम्ही आत्ता ज्या शहाबादी फरशीवर बसला आहात ती फरशी. तो कोपऱ्यातला खांब हा आरंभबिंदू. भिंतीलगत जाणारा सांधा हा क्ष-अक्ष, खांबापासून आत येणारा सांधा हा य-अक्ष. मी मुलाला सांगतो, (३, २) वर उभा राहा. वाटते तितके हे सोपे नाही. पहिल्याच दिवशी तिथे भांडण जुंपले. एक मुलगा तिसऱ्या फरशीच्या मधोमध उभा राहिला, दुसरी मुलगी फरश्यांच्या सांध्यावर उभी राहिली. दोघेही ठाम. खरे कोणाचे?

मुलगा चुकला, पण का चुकला हे पाहण्यासारखे आहे. लहानपणापासून तो सापशिडी खेळत आला आहे. सापशिडीत सोंगटी घरात बसते, रेघेवर नाही. आपल्या परंपरेतल्या जुन्या ज्ञानबाजीच्या पटांवरही, आणि त्यांत बहुधा चौऱ्याऐंशी घरे असतात, प्रत्येक घराला एकच अंक आणि सोंगटी त्या घरात. एका अंकाने घर सांगता येते. आलेखात मात्र जागा दोन अंकांनी सांगायची आणि ती घराची नव्हे, दोन रेघा जेथे छेदतात त्या ठिकाणाची. हा बदल मोठा आहे, आणि तो आपण मुलांना कधी सांगतच नाही. फळ्यावर सांगून तो उमगतही नाही. त्या दिवशी भांडण मिटवले ते एका शांत बसणाऱ्या मुलीने. ती म्हणाली, "सर, घरे मोजली तर शून्य कुठे उभे राहणार?" शून्य खांबाशी आहे, आणि खांब सांध्यावर आहे. घरे मोजली की शून्याला जागाच उरत नाही. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हे स्पष्टीकरण मला सुचले नव्हते.

(३, ५) आणि (५, ३) यांतला फरक तर दोन सख्ख्या भावांना उभे करून दाखवला की पुन्हा सांगावा लागत नाही. आधी भिंतीलगत चालायचे, मग आत वळायचे.

पुढचे दोन थांबे थोडक्यात सांगतो. एका थांब्यावर सरळ बाजूंचा डबा आणि पोटफुगा लोटा असतो. एकाच पेल्याने दोन्हींत पाणी ओतायचे आणि दर पेल्यागणिक पाण्याची उंची मोजायची. डब्याचे बिंदू सरळ रेषेत चढतात. लोट्याचे बिंदू आधी भरभर, पोटाशी हळूहळू आणि गळ्याशी पुन्हा भरभर चढतात. नंतर नुसते आलेख समोर ठेवून भांडे कोणते ते ओळखायचे. दुसऱ्या थांब्यावर दोरीला गाठी मारायच्या आणि दर गाठीनंतर दोरीची लांबी मोजायची. रेषा खाली उतरते. जाड दोरीची उतरण सुतळीहून अधिक तीव्र असते. गाठ मारण्याआधीची लांबी आलेखात कुठे सापडते, हे मुले स्वतःच बोट ठेवून दाखवतात.

चौथ्या थांब्यावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण तो आपल्या गावाच्या जिव्हाळ्याचा आहे. तेथे सोयाबीनचे हमीभाव ठेवलेले असतात. केंद्र सरकारने जाहीर केलेले क्विंटलचे भाव २०१९-२० पासून २०२५-२६ पर्यंत अनुक्रमे ३७१०, ३८८०, ३९५०, ४३००, ४६००, ४८९२ आणि ५३२८ रुपये असे आहेत. राज्य कृषी पणन मंडळाच्या भावपत्रकात 'वाशीम' आणि 'वाशीम-अनसिंग' अशा दोन वेगळ्या ओळी दिसतात, हे येथे बसलेल्या व्यापारी बंधूंना सांगायला नको. मुलांच्या घरात रोज ज्याची चर्चा होते तीच माहिती समोर आली की मुले जरा सावरून बसतात.

दोन गटांनी याच आकड्यांचे स्तंभालेख काढले. पहिल्या गटाने उभा अक्ष शून्यापासून सुरू केला आणि एका सेंटिमीटरला ५०० रुपये धरले. पहिला स्तंभ साडेसात सेंटिमीटरच्या आत, शेवटचा पावणेअकराच्या आसपास. वाढ दिसते, पण बेताची. दुसऱ्या गटाने कागद वाचवण्यासाठी अक्ष ३५०० पासून सुरू केला आणि सेंटिमीटरला २०० रुपये धरले. त्यांचा पहिला स्तंभ जेमतेम एक सेंटिमीटरचा, शेवटचा नऊ सेंटिमीटरहून उंच. भाव खरोखर वाढला दीडपटीच्याही आत. आलेखात मात्र तो जवळजवळ नऊपट वाढलेला दिसतो. आकडे दोन्हींत तेच, बिनचूक. दोन्ही कागद शेजारी लावले तेव्हा सभागृहात एकदम शांतता पसरली. मग अडत दुकान असलेल्या घरातला एक मुलगा म्हणाला, "शेतकऱ्याला हा दुसरा दाखवायचा." आणि शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, "अन् आम्ही सरकारला पहिला दाखवू." सगळे हसले. मला मात्र वाटले की, आलेखाचे सगळे शिक्षण या दोन वाक्यांत झाले.

त्या शेतकऱ्याच्या मुलाने आणखी एक प्रश्न विचारला. "भावाच्या बाजूला खर्चाचा स्तंभ कुठे आहे?" बियाणे, खत, फवारणी, मळणी यांचे आकडे माझ्याजवळ नव्हते. दुसऱ्या दिवशी तो वडिलांच्या दोन हंगामांच्या पावत्या पिशवीत घालून घेऊन आला. जोडस्तंभालेखाचा धडा त्याच्या वर्गात अजून व्हायचा होता. त्याची गरज मात्र त्याला पुस्तकाच्या आधी भासली. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ मध्ये पहिला स्तंभालेख छापला, तोही अशाच अडचणीतून. स्कॉटलंडच्या व्यापाराची माहिती त्याच्याजवळ एकाच वर्षाची होती, काळाची रेषा काढता येईना, म्हणून त्याने देशवार पट्ट्या काढल्या.

हे दोन आलेख पाहून गेल्या वर्षी एक ज्येष्ठ श्रावक मला म्हणाले, "सर, हा तर अनेकान्तवादच झाला. एकच वस्तू, दोन दृष्टी." त्यांच्या भावनेचा मी आदर करतो, पण येथे थोडा मतभेद नोंदवावासा वाटतो. अनेकान्तात आपण कोणत्या अपेक्षेने बोलतो ते उघड करावे लागते. 'स्यात्' हा शब्द त्यासाठीच आहे. अक्ष ३५०० पासून सुरू केला आहे असे ठळक लिहिले तर ती एक दृष्टी झाली. ते झाकून ठेवले तर ती लबाडी झाली. वर्तमानपत्रे, निवडणुकीची पत्रके, विम्याच्या आणि गुंतवणुकीच्या जाहिराती यांतले आलेख पाहताना आमची मुले आता प्रथम डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात शून्य आहे का ते पाहतात. एवढे साधले तरी माझ्या मते पुष्कळ.

आता जो थांबा मला सर्वांत प्रिय आहे त्याकडे येतो. तो आहे महावीराचार्यांचा. इसवी सन ८५०च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात या जैन आचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. मद्रासला १९१२ मध्ये एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी अनुवादासह प्रसिद्ध केला आणि १९६३ मध्ये सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने लक्ष्मीचंद्र जैन यांचे हिंदी संस्करण काढले. आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो, स्मरणिकांतून लेख लिहितो. त्यांचे एखादे उदाहरण आपल्यापैकी किती जणांनी सोडवून पाहिले आहे? मीही निवृत्तीपर्यंत पाहिले नव्हते.

त्यांचे एक उदाहरण असे आहे. अरण्यात केळ्यांचे ६३ सारखे ढीग आहेत आणि वर ७ सुटी केळी आहेत. ती २३ वाटसरूंमध्ये समान वाटली गेली, काहीही उरले नाही. तर एका ढिगात केळी किती? आलेखाचा येथे प्रत्यक्ष उल्लेख नाही. आचार्यांची रीत वेगळी आहे. पण आम्ही त्याचा आलेख केला. आडव्या अक्षावर एका ढिगातली केळी, उभ्या अक्षावर एका वाटसरूचा वाटा. ढिगात एक केळ धरले तर एकूण ७०, त्यांना २३ ने भागायचे. दोन धरली तर १३३. तीन धरली तर १९६. बिंदू देत गेले की ते एका सरळ रेषेत येतात. ती रेषा ज्या ठिकाणी नेमकी आलेख कागदाच्या दोन ठळक रेघांच्या छेदावरून जाईल ते उत्तर, कारण केळी अर्धी-पाव करायची नाहीत.

पहिल्याच दिवशी एका गटाने जल्लोष केला, "सापडले!" त्यांचा बिंदू होता (१, ३). ढिगात एक केळ, प्रत्येकाला तीन. कागदावर बिंदू अगदी छेदावर बसला होता. मी भिंग लावून पाहिले, मलाही तो छेदावरच दिसला. मग त्यांना एक पिशवी दिली आणि ७० चिंचोके मोजून २३ जणांत वाटायला सांगितले. प्रत्येकी तीन वाटून झाले आणि तळहातावर एक चिंचोका उरला. सत्तर भागिले तेवीस म्हणजे तीन नव्हे, तीनहून किंचित जास्त. तो किंचितपणा कागदावर अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. पेन्सिलीच्या टोकाने तो पूर्ण झाकला होता. तो एक चिंचोका हातात धरून मुले कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत होती. आलेख वाट दाखवतो. पोहोचलो की नाही ते हिशेबाने तपासावे लागते.

पुढे जाऊन त्यांनी प्रत्येक वेळी उरलेले चिंचोके लिहून काढले. एकाला १, दोनला १८, तीनला १२, चारला ६. येथे एका सहावीतल्या मुलीने हात वर केला आणि पाचव्याला वाटून न पाहताच सांगितले की आता शून्य उरणार. पाच केळ्यांचा ढीग, एकूण ३२२ केळी आणि प्रत्येकाला १४. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या ग्रंथातले उत्तर अनसिंगच्या मुलीने सभागृहाच्या फरशीवर बसून काढले. तिला आनंद झाला होताच. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

हे सर्व ऐकून कोणाला वाटेल की थांबे मांडले की काम झाले. तसे नाही, आणि त्याचा अनुभव मी घेतला आहे. पहिल्या वर्षी माझा वर्ग म्हणजे जत्रा झाली होती. मुले एका थांब्यावरून दुसऱ्यावर धावत होती, शेजारच्या गटाचे आकडे उतरवून घेत होती, पाणी सांडत होती, आणि शेवटी मी विचारले की काय शिकलात, तर उत्तर आले, "मजा आली." हात चालले म्हणजे डोके चालले असे समजणे हा आम्हा हौशी शिक्षकांचा मोठा भ्रम आहे. तेव्हापासून दोन गोष्टी बदलल्या. मोजण्याआधी प्रत्येकाने आलेख कसा येईल याचा अंदाज पेन्सिलीने काढून ठेवायचा. तो खोडायचा नाही. आणि शेवटची वीस मिनिटे कोणत्याही थांब्यावर जायचे नाही, नुसते बोलायचे. घाई झाली तर एक थांबा कमी करावा, बोलणे कमी करू नये.

काही पालकांनी विचारले आहे की, यामुळे परीक्षेत गुण वाढतील काय. मी त्यांना प्रामाणिकपणे सांगतो की, माझ्याजवळ तसा दाखला नाही. गुण मिळवण्यासाठी जुनी पद्धत आजही पुरेशी आहे. मीच तिने दहापैकी दहा दिले आहेत.

आणि येथून मी पुन्हा त्या पाण्याकडे येतो. आमचा सहावा थांबा तोच आहे. खांबाजवळ उकळलेल्या पाण्याचे भांडे असते आणि त्यात तापमापी. पाणी निवायला तास लागतो, गटाला तर बाराच मिनिटे असतात. म्हणून हा थांबा कोणा एका गटाचा नाही. भिंतीवर मोठा आलेख कागद लावलेला असतो. शेजारच्या थांब्यावर येणारा प्रत्येक गट तापमान पाहतो आणि कागदावर एक लाल टिकली चिकटवतो. टिकल्यांचे पाकीट एका भगिनीने दिले, त्यांचे आभार. सत्तर मिनिटांनी सगळ्या वर्गाने मिळून एक आलेख केलेला असतो.

पहिल्या वर्षी शेवटी मी विचारले, आता हे बिंदू जोडायचे कसे? आठवीतला एक हुशार मुलगा पुढे आला. त्याच्या हातात लांब मोजपट्टी होती. त्याने ती पहिल्या आणि शेवटच्या टिकलीवर ठेवली. मी काही बोललो नाही. त्याने पाहिले की मधल्या सगळ्या टिकल्या पट्टीच्या खाली राहतात. एकही पट्टीवर नाही. मग त्याने पट्टी पहिल्या दोन टिकल्यांवर ठेवली आणि पुढे नेली. कोणीतरी मागून ओरडले, "असे झाले तर दुपारपर्यंत पाण्याचा बर्फ होईल!" सगळे हसले. त्याने पट्टी खाली ठेवली, खडू घेतला आणि हाताने, वळणाने रेघ ओढली. अगदी तसाच आलेख मी एकदा लाल शाईने खोडला होता.

ज्या विद्यार्थिनीचा तो आलेख होता त्या आज पन्नाशीच्या आहेत आणि याच परिसरात नांदतात. गेल्या दिवाळीत धाकट्या दिरांच्या मुलीला वर्गात सोडायला आल्या होत्या. मी त्यांना बाजूला बोलावून सर्व सांगितले आणि माझी चूक कबूल केली. त्या जरा गोंधळल्या, मग हसल्या. म्हणाल्या, "सर, मला ते काहीच आठवत नाही. त्या आलेखाला दहापैकी दहा मिळाले होते, एवढेच आठवते."

पुढचा वर्ग येत्या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाल्यानंतरच्या सोमवारपासून, सकाळी आठ वाजता याच सभागृहात भरेल. वर्गाला वय, समाज, शाळा यांची अट नाही. आमची तापमापी गेल्या वर्षी फुटली. दोन लागतील, पाऱ्याच्या नकोत, लाल द्रव्याच्या चालतील. पोटाशी फुगीर असा जुना पितळी लोटा कोणाच्या माळ्यावर पडला असेल तर तोही हवा आहे. स्टीलचे लोटे फारच सरळ निघतात.